मागच्या बाकाखालची तार

या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या एक मावशी गेल्या. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या; आमच्या वस्तीत आईच्या वयाच्या सगळ्याच बायका मावशी. पण माझ्या ताईचं डोकं शेवटपर्यंत ज्यांच्या मांडीवर होतं त्या ह्याच. त्या दिवशी जीपमध्ये बसलेल्या अकरा बायकांपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या. आता त्याही नाहीत, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या असेपर्यंत माझा हात धजला नसता.

माझे बाबा काळी-पिवळी चालवायचे. आमच्याकडे सवाऱ्या नेणाऱ्या जीपला एवढंच म्हणतात. आमच्या गावाहून मुकुटबन, तिथून पांढरकवडा, आणि तसंच परत. बाबांनी घेतली तेव्हाच ती जीप जुनी होती. दाराला कडी, टपाला ठिगळ, आणि मागे समोरासमोर दोन लांब बाक, ज्यांवर कागदोपत्री किती माणसं बसावीत हे कुणी कधी विचारलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पहिलीत होते आणि ताई सातवीत. त्या वर्षी तिची शाळा सुटली ती सुटलीच. तिनं मला न्हाऊ घातलं, भाकरी करायला स्वतः शिकली आणि मग मला कधी शिकवली नाही, तू पुस्तक घेऊन बस म्हणाली. कापसाचे दिवस आले की कमरेला ओटी बांधून ती बायकांबरोबर दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बोंड उमलून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. ताईच्या नखांच्या कडा हिवाळाभर फाटलेल्या असत. माझ्या वह्यांना कव्हर घालताना ती आधी बोटांना चिंधी गुंडाळायची, कागदाला डाग पडू नये म्हणून. पुढे मी यवतमाळला बीएस्सीला गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं मी पहिलं माणूस. मी हुशार होते म्हणून ते झालं, असं लोक म्हणतात. कशानं झालं ते मला माहीत आहे.

त्याआधी, आठवी ते बारावी, मी पांढरकवड्याला शिकले. जाणं-येणं बाबांच्याच जीपनं. संध्याकाळी सवाऱ्या भरेपर्यंत जीप स्टँडवर उभी राही, कधी कधी तासभर, आणि हिवाळ्यात लवकर अंधारून येई. ताईनं बाबांना सांगितलं, मागे एक दिवा लावून द्या, वाचत बसेल ती. एका रविवारी दोघांनी मिळून तो लावला. बाबा पुढे तारा जोडत होते आणि ताई जीपखाली उताणी पडून तार मागे ओढत होती. तार धरून ठेवायला क्लिपा नव्हत्या, म्हणून तिनं आपली जुनी ओढणी फाडली आणि तिच्या चिंध्यांनी तार जागोजागी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधली. दिव्याचं बटण दिव्यापाशीच ठेवलं, मला हवं तेव्हा लावता यावं म्हणून. त्या दिव्याखाली मी न्यूटनचे नियम पाठ केले, आणि समोरच्या बाकावरची माणसं आवाज न करता पान खात.

इथं गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नसते. पण आमच्या जीपच्या आधीच्या मालकानं तिच्या पंपावर विजेचा एक खटका बसवून घेतला होता. करंट असेपर्यंत डिझेल सुरू, करंट गेला की डिझेल बंद. दिवा लावताना बाबांनी जिथं मोकळी तार दिसली तिथून जोड घेतला. ती तार नेमकी त्या खटक्याची होती. म्हणजे माझा दिवा आणि गाडीचा पंप एकाच फ्यूजवर आले. दिव्याचं बटण मागे असल्यामुळे तिथपर्यंतची तार, दिवा बंद असतानाही, कायम जिवंत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पाच-सहा वर्षं काही झालंही नाही.

मग मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना जीप मधेच बंद पडायला लागली. चालता चालता इंजिन एकदम गप्प. बाबा खाली वाकून पाहत, तर तो एक फ्यूज गेलेला. नवा घातला की जीप सुरू. मग पंधरा दिवस काही नाही, मग पुन्हा. बाबांनी काचेचे फ्यूज चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून खिशात ठेवायला सुरुवात केली. वेचणीच्या बायका त्यांना भाऊ म्हणत. एक म्हातारी मुद्दाम हात पुढे करून चुना मागायची आणि बाबा डबी उघडून दाखवत म्हणायचे, "काच हाये, खाता का?" जीप बंद पडली की बायका खाली उतरत, ढकलून बाजूला घेत आणि हसत. सुट्टीत गेले होते तेव्हा ताईनं मला विचारलं होतं की फ्यूज म्हणजे नेमकं असतं काय. मी तिला सांगितलं, आत केसासारखी तार असते, कुठं नको तिथं करंट धावला की ती आधी वितळते. तिनं गेलेला फ्यूज उजेडात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाली, एवढ्याशा काडीवर पंधरा माणसं रस्त्यात उभी राहतात.

बाबा जीप घेऊन पांढरकवड्याच्या वायरिंगच्या मिस्त्रीकडे तीनदा गेले. मिस्त्री म्हणायचा, गाडी खाली करून आणा, सवाऱ्या असताना हात लावता येत नाही. त्यात गैर काही नव्हतं, सगळेच मिस्त्री तसंच सांगतात. बाबा सवाऱ्या उतरवून, टपावरची गाठोडी काढून, रिकामी जीप त्याच्या दारात लावत. तो तारा हलवून पाही, ठोकून पाही, इंजिन तासभर चालू ठेवी. काही होत नसे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, तुमची गाडी माझ्या दारात आली का सासरी आल्यावानी गुमान राह्यते." बाबा ही गोष्ट घरी येऊन हसत सांगायचे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, अवेळी पाऊस, आणि कापूस घरात येईस्तोवर उतरलेला भाव. माणसं बाजाराला जायचीच कमी झाली होती, गेलेली जीपमध्ये बोलायची नाहीत. पण पऱ्हाटी उभी होती तोवर वेचणी होती, आणि वेचणीची माणसं ने-आण करायला जीप लागायची.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पहिली वेचणी निघाली. पहिल्या दिवशी वावरात मालकीणबाई सीतादही करतात, म्हणजे पऱ्हाटीची पूजा आणि दहीभात. आमच्या वस्तीतल्या बायका पूजेच्या वेळी बाजूला उभ्या राहत आणि दहीभात मात्र पोटभर खात. त्यामुळे त्या दिवशी झाडून सगळ्या आल्या होत्या. मी यवतमाळला होते. पुढचं मी ऐकलं ते इतक्यांच्या तोंडून आणि इतक्यांदा, की मला ते पाहिल्यासारखं दिसतं.

दुपारच्या आधी ताईच्या पायाला काहीतरी टोचलं. बोंड असेल म्हणून ती तशीच चार पावलं पुढं गेली. मग तिला साप दिसला, धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, जाताना. तिनं आरडाओरडा केला नाही. शेजारच्या मावशींना हाक मारून सांगितलं, मले साप चावला वाटते, बाबाले बोलवा. बाबा तास-दीड तासानं येणारच होते, पण कुणीतरी सायकल हाणत रस्त्यावर गेलं आणि दैवानं जीप तिथंच सापडली. बाबांनी ती धुऱ्यापर्यंत आत घातली.

ताईला मागे दोन बाकांच्या मधे सतरंजीवर आडवं केलं. त्या मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मग सगळ्या बायका जीपमध्ये चढल्या. आमच्याकडे आजाऱ्याला एकटं पाठवत नाहीत. दवाखान्यात नेताना जितकी माणसं सोबत जातील तितका त्याला धीर, आणि जी मागे राहील तिनं त्याची आशा सोडली असा अर्थ. कुणी कुणाला चढ म्हटलं नाही, उतर म्हटलं नाही. अकराच्या अकरा मागे बसल्या. कुणी तिचे पाय धरले, कुणी वारा घातला, जिला जागा नव्हती ती मागच्या पायरीवर लोंबकळली. पुढे बाबांच्या शेजारी फक्त मालकाचा गडी.

वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत खडीची वाट आहे. त्या वाटेत जीप तीनदा बंद पडली. पंधरा दिवसांतून एकदा जाणारा फ्यूज त्या दिवशी एका वाटेत तीनदा गेला. पहिल्यांदा बंद पडली तशा बायका सवयीनं उतरल्या, बाबांनी फ्यूज बदलला, जीप सुरू झाली, बायका चढल्या. थोडं पुढं जाऊन पुन्हा. पुन्हा उतरल्या, पुन्हा चढल्या. तिसऱ्यांदा डबी रिकामी झाली. बाबांनी हॉर्नची वायर तोडली, दातांनी सोलली, तिच्यातले दोन केस पिळून फ्यूजच्या जागी अडकवले. त्यांचा ओठ फाटला होता, तो मी दुसऱ्या दिवशी पाहिला आणि मला वाटलं ते पडले असतील. त्या पिळलेल्या तारेवर जीप पांढरकवड्यापर्यंत गेली. पण दवाखान्याचं फाटक येण्याआधीच ताईनं हातातला मावशींचा हात सोडला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून कागदावर वेळ लिहिली. आधी आला असतात तर, असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. बाबांनी ते स्वतःच ऐकलं.

त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. जीप गावातल्याच एकानं आमच्या अंगणात लिंबाखाली आणून लावली. विहारात वंदना झाली, पाहुणे आले आणि गेले, आणि मी कॉलेजला परत जायचं टाळत राहिले. बाबा बाजेवर बसून जीपकडे पाहत. कुणी दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बोलावलं तर नाही म्हणत. एकदा दुपारी ते मला म्हणाले, "बाई, तू इतकी शिकली. मले फक्त एक सांग. ते गाडी त्याच दिवशी काहून अशी वागली? माह्या हातून काय राह्यलं?"

मी जर कधी कुणाचं काही देणं लागत असेन तर ते याच माणसाचं आणि गेलेल्या ताईचं. मी म्हटलं, शोधते बाबा.

आमच्या कॉलेजात एक सर प्रयोगशाळेत वारंवार सांगत, दोष दिसत नसेल तर तो ज्या परिस्थितीत घडतो तीच परिस्थिती पुन्हा उभी करा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. मी मागच्या दिव्याचा बल्ब काढला, पंपाच्या खटक्याची तार सोडवली आणि फ्यूजच्या जागी नंबरप्लेटचा छोटा बल्ब जोडून तो समोरच्या काचेपाशी टांगला. आता त्या बल्बनं पेटायला एकच कारण उरलं होतं: कुठंतरी ती जिवंत तार गाडीच्या लोखंडाला टेकणं.

बल्ब पेटला नाही. मी बॉनेटखालच्या सगळ्या तारा एकेक करून हलवल्या. ऊन असेल म्हणून भर दुपारी पाहिलं, दमट हवा असेल म्हणून पहाटे दवात पाहिलं. बायकांनी हंड्यानं आणून दिलेलं पाणी गाडीवर ओतलं. खटक्याला बॅटरीवरून वेगळी तार देऊन इंजिन चालू केलं आणि थरथर होऊ दिली. मागे बाकाखाली हात घालून चाचपलं. खाली शिरून पाहिलं, तेव्हा ताईनं बांधलेल्या चिंध्या दिसल्या आणि मी तशीच बाहेर आले. धुळीनं काळ्या झालेल्या होत्या, पण निळा रंग ओळखू येत होता. त्या दिवशी मी पुढं काही केलं नाही. पाच दिवस असे गेले. उष्णता, ओल, हादरे, पुस्तकात असलेली सगळी कारणं मी उभी करून पाहिली.

सहाव्या दिवशी मुकुटबनचा बाजार होता, वेचणीला सुट्टी. दुपारी बायका आमच्याकडे आल्या. त्या तशा अधूनमधून येतच, पण त्या दिवशी अकराही जणी होत्या. बसायला आमच्याकडे एक बाज आणि तिच्यावर बाबा. मी सतरंजी आणायला आत वळले तेवढ्यात त्यांतली एक म्हणाली, कायले त्रास करते, आमची जागा आम्हाले माहीत आहे. आणि सगळ्या जीपमध्ये चढल्या, आपापल्या रोजच्या जागेवर. समोर ड्रायव्हरच्या बाकावर बसायला कुणी गेलं नाही. सगळ्या मागेच.

सगळ्यांत शेवटी त्या मावशी चढल्या. त्या अंगानं जड होत्या, आणि त्यांना त्यावरून रोज बोलणी खावी लागत. त्या बसल्या आणि काचेपाशी टांगलेला बल्ब पेटला.

बायकांना एवढंच माहीत होतं की मी पाच दिवस तो बल्ब पेटायची वाट पाहते आहे. त्यांना आनंदच झाला. एक म्हणाली, "लागला व, लागला." दुसरी म्हणाली, "हिच्यासाठीच थांबला व्हता. आधीच बसवाची व्हती हिले." ताई गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. मावशीही हसल्या. मी त्यांना म्हटलं, हलू नका, अशाच बसा, आणि गोणपाट घेऊन जीपखाली शिरले.

मागच्या चाकांचा आडवा दांडा ओझ्यानं वर आला होता. तो वर येऊन गाडीला आपटू नये म्हणून मधे रबराचा ठोकळा असतो. आमच्या जीपचा झिजून नुसता पत्रा उरला होता. ताईनं चार ठिकाणी तार बांधली होती. तीन गाठी होत्या तशा होत्या. दांड्याच्या नेमक्या वरची चौथी चिंधी कुजून गेली होती. तिथं तार लोंबत होती, आणि दांडा वर आल्यावर दोन लोखंडांच्या मधे चेपली जात होती. तिचं वरचं आवरण तुटलं होतं, आतलं तांबं काळं पडलं होतं. रिकाम्या जीपखाली मी तीच तार आधी पाहिली होती. तेव्हा दांडा चार बोटं खाली होता आणि तुटलेली बाजू वरच्या अंगाला होती.

मी तिथं पडून होते आणि माझ्या तोंडापासून हातभर वर, फळीच्या पलीकडे, त्या बोलत होत्या. सवयीच्या जागेवर बसल्या की माणसाला सगळं आठवतं. कुणी म्हणाली, पाय थंड पडत होते तर मी पदरात घेतले. कुणी म्हणाली, दुसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा तिनं पाणी मागितलं. मावशी शेवटी बोलल्या. त्या हळू बोलत होत्या, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. "काही म्हणा, पण एकटी नाई गेली थे. आपुन साऱ्या सोबत व्हतो. माह्या मांडीवर गेली."

तार माझ्या डोळ्यांसमोर चेपलेली होती. पंधरा दिवसांतून एकदा का, आणि त्या वाटेवर तीनदा का, हे मला कळलं होतं. रोज काही माणसं पुढं बसत, काही मागं, ओझं वाटलं जाई, मोठा खड्डा आला तरच तार चेपे. त्या दिवशी सगळ्या तिच्याभोवती होत्या. गाडी बंद पडली की त्या उतरत, तार सुटे, नवा फ्यूज टिके. मग त्या तिच्यासाठी पुन्हा चढत. शेवटची पिळलेली तार फ्यूजहून जाड होती आणि पुढं डांबरी रस्ता लागला, म्हणून ती तगली. आणि ज्या तारेवर हे सगळं झालं ती मला वाचता यावं म्हणून टाकलेली होती.

मी बाहेर आले तेव्हा सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मावशींनी विचारलं, "सापडलं का व बाई?"

मी म्हटलं, "नाई मावशी. बल्बचा होल्डर ढिला हाये, उगाच लागला."

त्यांचा चेहरा उतरला. मग चहा झाला, आणि त्या जायला निघाल्या. एकेक करून जीपमधून उतरू लागल्या. एक उतरली, दुसरी, तिसरी. गाडीचे गंजलेले पाटे एकदा दबले की लगेच सुटत नाहीत; चौथी उतरली आणि बल्ब विझला. मी मुद्दाम तिकडे पाहत नव्हते. बाबा पाहत होते.

त्या गेल्या. मी साखरेचा डबा आत नेऊन ठेवला, कप विसळले. पुन्हा बाहेर आले तेव्हा बाबा बाजेवरून उठून जीपच्या मागच्या पायरीशी उभे होते. म्हणाले, "चौथी उतरल्यावर इझला."

मी हो म्हटलं.

"म्हंजे चौघींले वावरातच ठेवलं असतं तं पोहोचलो असतो."

मी म्हटलं, "बाबा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रीलाही नाही." पाच दिवस शोधत होते तेव्हा मला वाटायचं की खरं कारण सापडलं की बाबांच्या डोक्यावरचं उतरेल. ते उतरलं नाही. फक्त आता ते कुणावर ठेवायचं याची निवड समोर होती.

ते म्हणाले, "त्यायले सांगू नोको. कधीच नोको. त्यायच्यापाशी तेवढंच हाये."

आम्ही दोघांनीही दिव्याचं नाव काढलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. दुसऱ्या दिवशी मी ती तार पूर्ण काढून टाकली. तीन गाठी सोडवता येईनात, कापाव्या लागल्या. बाबांनी रबराचे नवे ठोकळे आणून बसवले. मग त्यांनी पंपाचा खटकाही काढला आणि इंजिन बंद करायला पूर्वीसारखी हातानं ओढायची तार बसवून घेतली. जीप त्यानंतर पुष्कळ वर्षं चालली आणि एकदाही तशी बंद पडली नाही. काम इतकं सोपं होतं.

बाबा पुन्हा जीप चालवू लागले तसं बायकांनी त्यांना विचारलं, काय निघालं म्हणून. त्यांनी सरळ सांगितलं, फ्यूज जुने होते, हलके होते, माझीच चूक. बहुतेकींनी त्यांची समजूत घातली. मावशींनी नाही. त्या म्हणाल्या, "पोरगी तुमची व्हती भाऊ. डबी तं भरून ठेवाची." त्या दिवसापासून त्या बाबांच्या जीपमध्ये बसल्या नाहीत. वेचणीच्या वावरापर्यंत पायी जायच्या, त्या वयात, त्या अंगानं. जीप मागून आली की रस्त्याच्या कडेला पदर पुढं ओढून उभ्या राहायच्या, आणि बाबा जीपचा वेग कमी करून, त्यांच्यावर धूळ उडणार नाही अशा बेतानं, हळू पुढं जायचे. हे किती वर्षं चाललं ते मी सांगत नाही. बाबा गेले तेव्हा त्या आमच्या अंगणात आल्या, पण घरात आल्या नाहीत.

मी कॉलेज पुरं केलं. आज मी एका शाळेत विज्ञान शिकवते. सातवीच्या पोरांना फ्यूज शिकवताना चुन्याची एक डबी दप्तरातून काढते. बाबांनी ती नंतर काठोकाठ भरून ठेवली होती. एकही फ्यूज वापरला गेला नाही, सगळे तसेच आहेत.

या उन्हाळ्यात मावशी अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून मी गावी गेले. त्या आता हलक्या झाल्या होत्या, पोराच्या पोरीनं त्यांना एका हातानं उठवून बसवलं आणि ती चहा ठेवायला गेली. त्यांनी मला ओळखलं. माझे हात हातात घेऊन बोटं पाहिली, नखांच्या कडा पाहिल्या. म्हणाल्या, तुझे हात चांगले राह्यले. मग डोळे मिटून भिंतीला टेकून राहिल्या. मला वाटलं झोप लागली. पण त्या डोळे न उघडता बोलल्या.

"पाणी मांगे तं ओठ ओले करत व्हती मी. म्या सोडली नाई तिले." मग म्हणाल्या, "तुह्या बापानं एक फ्यूज जास्तीचा ठेवला असता तं वाचली असती नं व थे?"

माझ्या बाबांचा चेहरा माझ्यासमोर आला, रस्त्याच्या कडेनं जीप हळू नेणारा. त्यांच्या बाजूनं बोलायची ती शेवटची वेळ होती, आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "हो मावशी."

त्यांनी मान हलवली आणि माझा हात तसाच मांडीवर ठेवून घेतला.